चष्मा खिशात नव्हता

बिरादार सर पडले तेव्हा सगळा वर्ग हसला.

हसणारच. सर दर वर्गात पडायचे.
बोलता बोलता धाडकन खाली! कोण आधी उठतं, खांदे थोपटून कोण हाक मारतं, छाती दाबायला कोण बसतं, हे पडल्या पडल्या बघायचे. मग उठून पँट झटकायचे.
"मेलो असतो की रे तुमच्या भरवशावर!"

आम्ही सीपीआर शिकवणारे, बंद पडलेल्या हृदयाला छाती दाबून जगवायचं कसं ते. लोहा, किनवट, उदगीर, जिथं बोलावतील तिथं सरावाचा रबरी पुतळा घेऊन जायचो. मी नर्स, सरांच्याच हाताखाली इन्स्ट्रक्टर झाले.

पडायच्या आधी सर गुपचूप चष्मा काढून खिशात ठेवायचे. हे फक्त मला ठाऊक होतं.

मागच्या वर्षी याच दिवशी, उदगीरच्या हॉलमध्ये सर पडले, तेव्हा चष्मा डोळ्यांवरच होता.

मी धावले. सगळं नियमानं केलं. खोल, जोरात, न थांबता. हात भरून आले तसं वर्गातल्या एका पोरीला बसवलं. मशीननं शॉक दिला.
सर आले नाहीत परत.

त्या हसण्याचा राग अजून जात नाही. पण पोरांचा तरी काय दोष?

आज त्याच हॉलमध्ये माझी परीक्षा होती. इन्स्ट्रक्टरचं कार्ड काही जन्मभराचं नसतं. मुदत संपली की तपासनीसांसमोर वर्ग घेऊन दाखवावा लागतो. मी नापास, तर सरांचे वर्ग बंद. दुसरं कोण हाय इकडं?

लई भीती वाटून राहिली होती. तरी ठरवलं, सरांसारखंच करायचं.
चष्मा काढून एप्रनच्या खिशात ठेवला. पडले.

फरशी गार. डोळे मिटलेले. वर्ग चिडीचूप.

मग दोन्ही खांद्यांवर थापा. हाड दुखेल अशा.
"काय गं पोरी, ऐकू येतंय का?"

मला पोरी म्हणणारं सरांमागं आता कोणी नाही.

डोळे उघडले. सगळे आपापल्या खुर्चीत.

तपासनीस म्हणाले, "मॅडम, इतक्या लवकर का उठलात? अजून कोणी जागचं हललंसुद्धा नव्हतं."

सर्रकन काटा आला अंगावर. ओढणी झटकली, पुन्हा पडले. या वेळी पोरं धावली.

कार्ड रिन्यू झालं. खांदे अजून दुखून राहिलेत.

सर, ऐकू येतंय. मी ठीक हाय.
वर्ग मी घेते. तुम्ही आता उठू नका, निवांत निजा.