चाळीने मिळून पाहिलेला व्हिडिओ

पप्पांचा केबलचा धंदा जोरात होता तेव्हा विरारच्या मनवेलपाड्यात मला कुणी नावाने ओळखत नसे. मी 'केबलवाल्यांची मुलगी' होते. गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या काळ्या वायरी आमच्या घरात येऊन एका खोक्यात शिरायच्या. पप्पांचं स्वतःचं एक चॅनलही होतं. त्यावर दुपारी जुना पिक्चर लागायचा आणि खाली पट्टी फिरायची. उद्या पाणी येणार नाही. मागच्या चाळीत सत्यनारायण आहे, सर्वांनी यावे. तपकिरी शेळी हरवली आहे. पट्टी पप्पा स्वतः टाइप करायचे. त्यात एखादा काना चुकला तरी संध्याकाळपर्यंत लोक दारात येऊन चिडवून जायचे, कारण ती सगळ्यांनी वाचलेली असायची.

मग स्वस्त फोन आले आणि कनेक्शनं सुटत गेली. पप्पांनी रडगाणं गायलं नाही. त्याच खांबांवरून त्यांनी इंटरनेटच्या वायरी ओढल्या. आता जो तो आपापल्या फोनवर बघतो, आमच्या घरातच बघा. आई फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून मालिका बघते, दादा कानात हेडफोन घालून क्रिकेट बघतो, आणि पप्पा टीव्हीसमोर बसतात खरे, पण रिमोट हातात धरून डुलक्या काढतात. पूर्वी एका मालिकेवरून आमच्या घरात भांडणं व्हायची. आता कोण काय बघतंय हे एकमेकांना माहीतही नसतं.

मी वसईच्या कॉलेजात मास मीडिया शिकते. दुसऱ्या वर्षाला मॅडमनी लिहायला विषय दिला: इंटरनेटमुळे आपल्या बघण्या-वाचण्याच्या सवयी कशा बदलल्या, यावर स्वतःचं मत मांडा. मी एका बैठकीत लिहून काढलं. प्रत्येकाला हवं ते हवं तेव्हा मिळतं, माहितीवर कुणाची मक्तेदारी उरली नाही, वगैरे. वाचून मलाच छान वाटलं. ते अजून द्यायचं होतं, तेवढ्यात आमच्या चाळीत ती गोष्ट घडली.

आमच्याकडे एक बोहारीण यायची. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, आणि आवाज असा की झोपलेलं माणूस उठून बसावं. आमची कढई, डबे, एवढंच काय पाण्याचं पिंपही तिच्याकडूनच आलेलं. पप्पांच्या पँटींवरून आई आणि ती तासभर घासाघीस करायच्या आणि मग दोघी चहा प्यायच्या. चाळीतल्या सगळ्यांची ती मावशी होती.

त्या दिवशी सकाळपासून चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. एक बाई रडणाऱ्या मुलाला दंडाला धरून फरफटत नेते आहे, मूल मागे वळून हात पसरतं आहे, आणि तिथेच व्हिडिओ संपतो. खाली लिहिलेलं: विरारमध्ये मुलं पळवणारी टोळी आली आहे, बायका भांडी विकायच्या निमित्ताने येतात, पुढे पाठवा. दुपारी मी अभ्यास करत होते. खालून एकदम आरडाओरडा ऐकू आला. धावत खाली गेले, तर मावशी भिंतीला पाठ लावून बसलेली, पाटी उलटलेली, भांडी गटारापर्यंत घरंगळत गेलेली. आमच्या समोरच्या खोलीतल्या काकू ओरडत होत्या, "माझ्या मुलीला हात लावत होती! हनुवटीला धरलं तिने!" त्यांची छोटी मुलगी चकचकीत वाटी बघायला गेली होती, एवढंच झालं होतं.

"अहो, या आपल्या नेहमीच्या मावशी आहेत!" मी गर्दीत शिरत म्हटलं.

"व्हिडिओत सगळं दिसतंय ना," एक माणूस म्हणाला. तो आमच्या गल्लीतला नव्हता.

"व्हिडिओत या आहेत का? चेहरा बघा ना!"

"टोळी आहे. सगळ्या सारख्याच दिसतात."

त्याने मावशीचं गाठोडं खेचलं. जिचा आवाज सगळ्या चाळीला पाठ होता, ती बाई ओठ मिटून माझ्याकडे बघत होती. आजूबाजूला सात-आठ फोन वर झालेले होते, शूटिंग चाललं होतं. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. मी तिथून हलायचं नाही असं ठरवलं होतं.

पप्पा समोरच्या गच्चीवर वायर जोडत होते. ते खाली आले, खांद्यावर वायरचं भेंडोळं तसंच. मला वाटलं आता ते भांडतील. पण ते खाली बसले आणि एकेक भांडं उचलून, शर्टाला पुसून पाटीत ठेवू लागले. मग आई आली आणि तीही बसली. भांडी गोळा करणाऱ्या दोन माणसांवर कसं ओरडायचं ते गर्दीला कळेना. शेवटी एकाने एक डबा आणून दिला, दुसऱ्याने झाकण. पप्पांनी मावशीला रिक्षात बसवून दिलं. रिक्षा वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, हा व्हिडिओ कुठला आहे ते शोधून काढायचंच. ज्यांनी ज्यांनी पाठवला त्यांना विचारत गेले. प्रत्येकाला दुसऱ्या कुणाकडून तरी आलेला. माग संपेना, म्हणून मी उलट बाजूने सुरुवात केली. व्हिडिओतली चित्रं एकेक थांबवून इंटरनेटवर शोधली. मागे एका दुकानाची पाटी अर्धवट दिसत होती, तिची लिपी आपली नव्हती. वर्गातल्या एका मैत्रिणीला ती वाचता आली. त्या शब्दांनी शोधत शोधत मला मूळ व्हिडिओ सापडला. फार जुना, लांबच्या राज्यातल्या एका जत्रेतला. त्यात मूल हात पसरून रडतं ते खेळण्यांच्या दुकानाकडे बघून. ती बाई त्याला थोडं पुढे ओढते, मग दमून मटकन खाली बसते आणि हसायला लागते. मूल तिच्या मांडीवर चढतं आणि तिच्याच पदराला नाक पुसतं. ती त्याची आजी होती, तसं मूळ व्हिडिओखाली लिहिलेलं मैत्रिणीने वाचून सांगितलं. कुणीतरी एवढा भाग कापला होता आणि खाली आमच्या गावाचं नाव लिहिलं होतं.

मी तो पूर्ण व्हिडिओ चाळीच्या ग्रुपवर टाकला. चार अंगठे आले. मग कुणाचा तरी वाढदिवस निघाला, केक आले, फुलं आली, आणि माझा व्हिडिओ कुठच्या कुठे वर गेला. तासाभरात कुणीतरी दुसऱ्या ग्रुपवरून तोच कापलेला व्हिडिओ परत पाठवला.

मी इतकी चिडले की फोन गादीवर आपटला. "पप्पा, तुमच्या पट्टीवर टाकता आलं असतं ना!"

"पट्टी आता बघतं कोण?" पप्पा म्हणाले.

त्या रागातच मला खरी गोष्ट उमगली. पट्टी सगळ्यांना एकदम दिसायची, म्हणून लोक तिच्यावर बोलायचे. व्हिडिओ मात्र प्रत्येकाने एकट्याने पाहिला होता. कुणी स्वयंपाकघरात, कुणी संडासाच्या रांगेत. बघताना शेजारी कुणी नव्हतं 'थांब, पुढे काय झालं?' विचारायला. मग हा व्हिडिओ चाळीने एकत्र बसून बघायला हवा. रविवारी चाळीच्या चौकात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्याचं सगळं ठरवणाऱ्या होत्या समोरच्या काकू, म्हणून आधी त्यांच्या दारात गेले.

"सणाच्या दिवशी कशाला तो विषय?" त्या म्हणाल्या. दार अर्धंच उघडलं होतं.

"काकू, पूर्ण व्हिडिओ आहे. एकदा बघा तरी."

"माझ्या पोरीचा प्रश्न होता. आई झालीस की कळेल तुला."

"तुम्ही घाबरलात त्यात तुमची चूक नाही. ज्याने तो कापला त्याने तुम्हाला घाबरवलं."

"आणि सगळ्यांसमोर मान मी खाली घालायची?"

"तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

त्यांनी उंबऱ्यावरची चप्पल पायाने सरळ केली. "वाण वाटून झाल्यावर लाव," म्हणाल्या आणि दार लोटलं.

रविवारी पप्पांनी आमचा टीव्ही चौकात आणला, जिन्याच्या दांड्यावरून वायर सोडली. आधी मी कापलेला व्हिडिओ लावला. मग पूर्ण लावला. मूल पदराला नाक पुसतं तिथे कडेच्या खोलीतल्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हा तर माझ्याच नातवासारखा!" सगळ्या हसल्या आणि हसता हसताच एकदम थांबल्या. कुणी कुणाकडे बघेना. मागच्या खुर्चीवरून काकूंचा आवाज आला, "परत लाव." मी परत लावला. संपल्यावर त्या उठल्या आणि सगळ्यांसमोरच म्हणाल्या, "ती बाई राहते कुठे?"

आईला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी काकू, आई आणि मी शेअर रिक्षाने आचोळ्याला गेलो. मावशी दारात कपडे निवडत बसली होती. काकूंनी पिशवीतून कुंकवाचा करंडा आणि तिळगूळ काढला. मावशीने कपाळ पुढे केलं, तिळगूळ तोंडात टाकला. मग म्हणाली, "मनात काय ठेवलं नाय. पन तुमच्या गल्लीत नाय येनार. पाय उचलत नाय तिकडं."

"मग आम्ही कपडे इथे आणू," काकू म्हणाल्या.

"आना. पन घासाघीस हितं बी करीन हां."

कॉलेजात द्यायचं लिखाण मी पुन्हा लिहिलं. इंटरनेटला शिव्या घातल्या नाहीत, कारण पूर्ण व्हिडिओ मला त्याच इंटरनेटवर सापडला होता. पप्पांच्या पट्टीवर खोटं असतं तर ते तपासायला आमच्याकडे काहीच नव्हतं. पूर्वी सगळे मिळून बघायचो, पण तपासता येत नसे. आता तपासता येतं, पण बघताना प्रत्येकजण एकटा असतो. या दोन गोष्टी एकत्र आणायच्या, हे माझं मत. मॅडमनी समासात लिहिलं, 'हे किती दिवस टिकेल?' त्याचं उत्तर मला लिहून देता येण्यासारखं नव्हतं.

म्हणून मी रविवारची संध्याकाळ सोडलेली नाही. आठवडाभर ग्रुपवर जे काही फिरलं असेल, त्यातलं एखादं आम्ही चौकात लावतो आणि ते कुठून आलं ते शोधतो. कधी चौक भरतो, कधी आई आणि कडेच्या आजी एवढ्याच असतात. दर वेळी उत्तर सापडतंच असं नाही. ते मी तसंच सांगते, सापडलं नाही म्हणून. खोटं माझ्यापेक्षा जोरात पळतं हे मला दिसतं. पण आता एखादी बाई फोन घेऊन दारात येते आणि विचारते, "हे पाठवू का गं पुढे, की आधी बघायचं?" तेवढ्यावर मी पुढचा रविवार काढते.

गेल्या आठवड्यात आमच्या रविवारबद्दल ऐकून बोळिंजच्या एका सोसायटीतून फोन आला. सेक्रेटरी म्हणाले, आमच्याकडे सगळे शिकलेले लोक आहेत, पण ग्रुपवर तेच चालतं, तुम्ही याल का? मी हो म्हटलं. पप्पा विचारत होते, त्यांच्या पार्किंगमध्ये प्लग तरी आहे का. मी म्हटलं नसेल तर नसेल, आपण लांब वायर घेऊन जाऊ.