उखळात कांडलेलं जपानी पुस्तक

१० मार्च १९४५, शनिवार. वर्षाची चटणी, म्हणजे मिरचीचं तिखट, कांडायची होती. शेजारीण मदतीला आली होती आणि परसात लाल खकाणा उडत होता.

माझ्या हातात मात्र पुस्तक होतं. जुन्या जपानी कवितांचं चांगलं इंग्रजी पुस्तक मी दोन वर्षं शोधत होते. आधी दोन मिळाली. एकात नुसती छत्रीवाल्या बायकांची चित्रं, दुसऱ्यात पाद्र्याचा उपदेश. हे तिसरं आदल्या दिवशी गोऱ्या पलटणीच्या कॅम्पात, विलायतेला परतणाऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात सापडलं. मूळ कविता, शेजारी अर्थ, खाली टिपा. लढाईच्या दिवसांत दुसरी प्रत मिळणं अशक्य होतं.

"मास्तरीणबाई, कांडताना ओवी लागती," शेजारीण म्हणाली. "मुसळ धरत न्हाय, निदान गा तरी."

मी ओवीच्या जागी त्यातली एक कविता मराठीत सांगितली.

"पाचच ओळी? बाकीच्या लिलाववाल्यानं ठिवून घेतल्या काय?"

"जपानी बायका एवढ्यातच भागवायच्या," मी म्हटलं.

माझा थोरला भाऊ, अण्णा, बेळगुंदीहून बाजाराला आला की माझ्याकडे मुक्कामाला यायचा. तो मागं दारात उभा होता. त्याचा एकुलता मुलगा पलटणीत होता. दिवाळीनंतर तो ब्रह्मदेशात जपान्यांच्या गोळीनं गेल्याची तार आली होती. तेव्हापासून अण्णा रडला नव्हता.

"जपान्याची ओवी? माझ्या भणीच्या घरात?"

"अण्णा, हे लिहिणारे हजार वर्सांमागं मेल्यात."

"मग हे बी मरू दे!"

त्यानं माझ्या मुस्काटात मारली. पुस्तक हिसकून उखळात टाकलं, मुसळ ओढून घेतलं आणि घाव घालू लागला. मी मुसळ धरायला गेले तर ढकलून दिलं. माझं कपाळ भिंतीवर आपटून फुटलं. शेजारीण ओरडत पळाली. पुठ्ठा फुटला, पानं मिरचीत कालवली, परसभर लाल धुरळा उठला. शेवटी त्याचाच श्वास कोंडला. मुसळ टाकून तो खाली बसला आणि खोकता खोकता मुलाला हाका मारू लागला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मिरचीच्या की मुलाच्या, मी विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढं सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चटणी चाळून कागद वेगळा केला. अण्णाच्या वाट्याची चटणी डब्यात भरून त्याच्या गाडीत ठेवली. धड राहिलेली पानं झटकली आणि नाकाला पदर बांधून दाभणानं शिवायला बसले.