थांबलेल्या पाटावरची वाटी

माझे बाबा हमरापुरात गणपती रंगवायचे आणि मी सूर्य आतून किती वेगाने फिरतो ते मोजायचे. नव्वदच्या दशकात मी पीएचडी करत होते. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. वेगाचा आकडा हाती आला होता, म्हणून जरा शेफारूनच घरी आले होते.

"आतलं तुला दिसतं कसं गो?" बाबांनी विचारलं.

"दिसत नाही. सूर्य घंटेसारखा थरथरतो. फिरत असला की एका सुराचे दोन जवळजवळचे सूर होतात. त्यांच्यातला फरक मोजला की वेग कळतो. पुढे सूर्यासारख्या ताऱ्यांनाही हेच लावायचं."

त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मी आईची काशाची वाटी आणली, तिच्या रोह्याच्या माहेरची, तळपायाला तेल लावून घासायची. मूर्ती रंगवायच्या फिरत्या पाटावर ती ठेवली, पाट गरगर फिरवला आणि चमच्याने टोला दिला. वांव... वांव... आवाज चढत-उतरत राहिला.

"ऐकलंत? दोन सूर एकत्र वाजतायत. फिरण्यामुळे!"

बाबांनी हाताने पाट थांबवला आणि स्वतः टोला मारला. वांव... वांव...

"आता तं फिरत नाय," ते म्हणाले. "तरी तसाच वाजतंय." त्यांनी काठ चाचपला. "या अंगाला झिजलीय गो. तुझी आय याच बाजूनं घासते."

मला अस्सा राग आला! त्यांचा, वाटीचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. सूर्य जरासा बेढब असला तरी एका सुराचे दोन होतात, आणि मी मात्र सगळा फरक फिरण्याच्याच माथी मारला होता. थांबवून वाजवायची अक्कल मला तीन वर्षांत आली नव्हती. जेवताना मी भात नुसता चिवडत बसले. आई बिचारी म्हणत राहिली, "दुसरी वाटी आणू का गो?"

प्रबंध थांबवला. आठ महिने पुन्हा गणितं केली. आकडा बराच खाली आला, पण आता तो खरा होता आणि मला गाढ झोप लागायची.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी पहिलाच प्रश्न टाकला, "हा सगळा फरक फिरण्यामुळेच कशावरून?" मला हसूच आलं. मग अर्धा तास मी बोलतच राहिले.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडे फोन करून बाबांना बोलावून घेतलं. पास झाले म्हटलं, आणि तो प्रश्नही सांगितला.

"एवढा मोठा माणूस," ते म्हणाले, "तो पण थांबवून वाजवून बघतो?"

आणि इतके खूश होऊन हसत सुटले, की इकडे मला रडू आलं.