बाटली आली, उठ!

कॉम्प्युटरवाल्यांकडे किस्से फार साठतात, त्याचं कारण साधं आहे. प्रोग्राम अडकला की मशीन गप्प बसतं, आणि मशीन गप्प बसलं की माणसं बोलायला लागतात! ऐंशीच्या दशकात अंधेरी ईस्टच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची छोटीशी कंपनी होती. आमचा प्रोग्राम इतक्या वेळा अडकायचा की आम्ही अख्खा दिवस बोलतच असायचो.

काम होतं मुलुंडच्या एका मसाला दूधवाल्यांचं. यंत्राने बाटल्या भरायच्या, झाकणं लावायची, आणि आमच्या कॉम्प्युटरने ते सगळं चालवायचं. एकाच प्रोग्रामात दोन कामं शेजारी शेजारी चालणार, एक भरणारा आणि एक झाकणवाला. या दोघांचा मेळ घालायची जबाबदारी परबची. परब घाटकोपरचा, मूळ मालवणचा, प्रोबेशनवर. आमचे मालक गुप्तेसाहेब त्याला सरळ म्हणाले होते, "डेमो पास तर तू पर्मनंट. नाहीतर टाटा!" आणि मुलीकडचे म्हणत होते, पर्मनंट झाल्याशिवाय साखरपुडा नाही. बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

* * *

परबच्या पहिल्या प्रोग्रामात झाकणवाला सारखा विचारायचा, "बाटली आली का? आली का? आली का?" त्या विचारण्यातच कॉम्प्युटरचा सगळा वेळ जायचा आणि भरणाऱ्याला भरायला सवडच मिळायची नाही!

मी म्हटलं, "परब, हा झाकणवाला आहे की माझी सासू? 'भात झाला का' करत दर मिनिटाला ओट्याशी येतात, आणि मला कुकर लावायलाच देत नाहीत!"

"मग काय करू गो, संध्या?"

"झोपव त्याला. बाटली भरली की भरणारा हाक मारून उठवेल."

परबने त्याला झोपवलं. सासूबाईंचं मला काही जमलं नाही.

* * *

आता भरणाऱ्याने हाक मारायची आणि झाकणवाल्याने उठायचं. एकदम झकास! दोघांच्या मधे बाटल्या पुढे नेणारा सरकता पट्टा होता. परबने ठरवलं, रिकाम्या पट्ट्यावर पहिली बाटली आली की एकदाच हाक मारायची, सारखी बोंबाबोंब नको. पण एक दिवस हाक आली तेव्हा झाकणवाला झोपायच्या तयारीत होता, अजून झोपला नव्हता. हाक फुकट गेली. मग तो झोपला तो ढाराढूर! भरणारा आपला भरतोय, भरतोय, आणि बाटल्या पट्ट्यावरून धडाधड खाली.

नशीब, आमच्या ऑफिसात मांडलेल्या यंत्रावर चाचणी पाण्यानेच चालली होती. खालच्या मजल्यावर मफतभाईंचा बनियनचा कारखाना. ते भिजलेल्या बनियनांचा ढीग घेऊन वर आले. "तुमचा कॉम्प्युटर गळते! प्लंबर बोलवा ने!"

तेव्हापासून नियम झाला. झोपण्याआधी पट्टा बघायचा, आणि बघणं नि झोपणं यांच्या मधे दुसऱ्या कोणी पट्ट्याला हात लावायचा नाही.

* * *

त्यासाठी प्रोग्रामात किल्लीसारखी एक सोय केली. किल्ली ज्याच्याकडे, त्यानेच पट्ट्याला हात लावायचा. पण झोपताना किल्ली खुंटीवर परत ठेवायची, नाहीतर बाकीचे खोळंबणार आणि ह्याला उठवायला कोणी येणारच नाही.

गुप्तेसाहेब वैतागले. "एवढं काय समजावतोस? किल्ली घेऊन झोपायला कोण वेडा आहे?"

त्याच आठवड्यात साहेब कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले. ऑफिसातला एकुलता एक एसी तिथे! आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि गार हवेत डोळा लागला. आम्ही सगळे बाहेर ताटकळत. बऱ्याच वेळाने आतून गर्जना झाली, "परब! प्रिंटआउट कुठाय? कधीची वाट बघतोय मी!"

परब दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला, "साहेब, प्रिंटर आत तुमच्या शेजारी हा!"

* * *

चहाची किटली आली की मी हाक मारायची आणि सगळे धावायचे. एकदा परब सगळ्यांच्या मागून आला, डोळे हातातल्या कागदात. पुढ्यातला ग्लास उचलला, तोंडाला लावला आणि म्हणाला, "आज फक्कड झालाय!" ग्लास रिकामा होता यार!

त्याचा झाकणवाला अगदी तस्साच. मधल्या मधे कोणी बाटली उचलली तरी हाक ऐकून उठायचा आणि नुसत्या हवेवर झाकण दाबायचा. यंत्राचा लोखंडी हात दोनदा वाकला.

मी ओरडले, "अरे, हाक आली म्हणजे बाटली असेलच असं कुठाय? उठलास की परत बघ. नसेल तर परत झोप!"

परबने तसा बदल केला आणि डेमोच्या आदल्या दिवशी तो सुधारलेला प्रोग्राम भरून यंत्रात लावायची नवी चिप तयार केली.

* * *

डेमोला दूधवाल्यांचे चीफ इंजिनियर दातार आले. चांगले उंचपुरे, झुपकेदार मिशा. गुप्तेसाहेबांनी पाण्याऐवजी खरं मसाला दूध आणलेलं, बाईसाहेबांनी घरी आटवलेलं, वर केशर. सगळ्या खोलीत घमघमाट!

यंत्र सुरू झालं आणि परब माझ्या कानाशी पुटपुटला, "संध्या, जुनी नि नवी चिप एकाच डब्यात होती गो. खंयची लावलंय मी?"

वाट लागली!

पहिली बाटली भरली. ती झाकणाखाली जाणार तोच दातारांनी हात पुढे केला आणि बाटली उचलली! परबने डोळे मिटले. हाक आधीच गेली होती, झाकणवाला जागा झाल्याचा दिवा लागला. आणि लोखंडी हात जागचा हलला नाही. दिवा विझला.

"का थांबलं?" दातारांनी विचारलं.

"उठला, साहेब. बघितलं, बाटली नाही. परत झोपला." परब म्हणाला. नवीच चिप लागली होती! मला तर रडूच फुटलं.

दातारांनी हातातल्या बाटलीचा वास घेतला, मान हलवली आणि घटाघट पिऊन टाकली. "वा! ऑर्डर पक्की!"

गुप्तेसाहेबांनी परबच्या पाठीत धपाटा घातला. "पर्मनंट!"

तोवर दुसरी बाटली भरली. दिवा लागला. दातारांचा हात पुढे! दिवा विझला. तिसरीचंही तेच.

गुप्तेसाहेब कासावीस होऊन कुजबुजले, "परब, अरे एक तरी झाकण लागताना दिसू दे रे त्यांना!"

"साहेब, माझा झाकणवाला बरोबर हा," परब म्हणाला. "आता दातारसाहेबांना झोपवा!"