आभारप्रदर्शन

बाबा नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि द्राक्षांवरच्या केवड्याने त्यांना झपाटलं होतं. केवडा म्हणजे पानाच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी आणणारा रोग. पिंपळगावच्या बागा पालथ्या घालून त्यांच्या लक्षात आलं होतं, की सगळे जण जे औषध मारतात त्याला ही बुरशी आता दाद देत नाही. पण कॉलेजातल्या मास्तरचं कोण ऐकतो? देशाच्या विज्ञान अकादमीने उचलून धरलं असतं, तर सरकारने ऐकलं असतं. आणि अकादमीत अर्ज करून शिरता येत नाही. आधीच्या फेलोंपैकी कुणीतरी तुमचं काम बघून नाव सुचवावं लागतं. आमच्या ओळखीत असा फेलो एकही नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी असे एक फेलो कॉलेजात व्याख्यानाला आले. बाबा तेव्हा निवृत्तीला टेकले होते, म्हणजे ही शेवटचीच संधी. त्यांनी सकाळीच बागेतून ताजी पानं आणून मायक्रोस्कोपखाली मांडली. व्याख्यानानंतर थोडा वेळ बघतो, असं पाहुण्यांनी कबूल केलं होतं.

व्याख्यान वेळेत संपलं. मग शाल, श्रीफळ, संस्थेच्या प्रत्येक संचालकाचा वेगळा हार आणि प्रत्येकाचे ‘दोन शब्द’. दोन शब्द कसले, नुसतं चऱ्हाट. मी मागच्या रांगेत दातओठ खात बसले होते. शेवटी आभारप्रदर्शन उरलं, ते बाबांकडे होतं.

मला हायसं वाटलं, ते आटोपतं घेतील. पण बाबांनी अध्यक्षांपासून सुरुवात केली. संचालक, प्राचार्य, देणगीदार, मांडववाले, माइकवाले, हार करणाऱ्या बाई. मी दारात उभी राहून घड्याळ दाखवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घाम पुसला आणि शिपायांचे आभार मानले. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

पाहुण्यांना मुंबईहून विमान गाठायचं होतं. पायऱ्या उतरताना त्यांनी बाबांचा हात हातात घेतला, पुढच्या वेळी नक्की बघू म्हणाले. ते पुन्हा कधी नाशिकला आले नाहीत.

बाबा प्रयोगशाळेत जाऊन बसले.

“दोन वाक्यांत संपवायचं ना, बाबा,” मी चिडून म्हणाले.

“कुणी राहिलं असतं, तर वाईट वाटलं असतं गं त्यांना.”

मग त्यांनी पान सारखं केलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

“ये, तू तरी बघ.”

मी डोळा लावला. पाणी दाटून आल्यामुळे काहीच दिसत नव्हतं. मी म्हणाले, “हो बाबा, दिसतंय.”