बदल्या आशान

बेईमेन रस्त्यावर आशानचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान इतकी वर्षं टिकलं, ते त्याच्या जिभेमुळे नव्हे, तशी जीभ असूनही. कुणी माऊस अडकतो म्हणून आला, की हा त्याच्या गळ्यात नवा कीबोर्ड मारायचा, आणि वर अक्कल फुकट. "माऊसला काही झालेलं नाही, तुमच्या हाताला झालंय," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. दुरुस्ती हा शब्द त्याला शिवीसारखा लागे. "रडत बसणारे दुरुस्त करतात. शहाणा माणूस बदलतो." अख्खं बेईमेन त्याला पाठीमागे 'बदल्या' म्हणे. त्याची बायको लिएन तोंडावर म्हणे.

लिएनचं माझू देवीच्या देवळामागे भरतकामाचं दुकान. देवीच्या मेजापुढे लावायचे लाल पडदे, त्यांवर सोनेरी ड्रॅगन. भरणारं यंत्र जुनं, त्याला नक्षी पुरवणारा कॉम्प्युटर त्याहून जुना, आणि त्याच्या डोक्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. आमच्याकडे असं पाकीट बँकेतल्या यंत्रांवरसुद्धा असतं, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि खायचं तर मुळीच नाही. आशान या सगळ्याला मूर्खपणा म्हणे. नवऱ्याला कशाकशाला मूर्खपणा म्हणायची सवय आहे, हे लिएनला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.

यंदा देवस्थानचे म्हातारे प्रमुख शू तिला म्हणाले होते, "मिरवणुकीच्या आत पडदा दे, पुढचं देवळाचं सगळं काम तुझं. नाही जमलं तर कारखान्याला देतो, मग रागावू नकोस." पहिला ड्रॅगन झाला, दुसरा मानेपर्यंत आला, आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. मिरवणूक परवावर आलेली. लिएनने मन मारून नवऱ्याला बोलावलं.

तो पेटी घेऊन आला, काय होतंय हे न विचारता हिरवं पाकीट उचललं, फोडलं आणि खायला लागला.

"अरे, ते खातात का!" लिएन ओरडली.

"मग काय कॉम्प्युटर खाणार आहे? घे, छान लागतंय."

झाकण उघडून त्याने आधी वीज पुरवणारा डबा बदलला. आणि खरं सांगायचं तर रोग तोच होता. कॉम्प्युटर सुरू झाला, सुई खडखड चालायला लागली, ड्रॅगनच्या मानेवर खवले चढायला लागले. लिएनचा जीव भांड्यात पडला.

"झालं ना? आता हात काढ," ती म्हणाली.

"झालं कसलं! आतला बोर्ड बघ, माझ्या आजोबांच्या वयाचा आहे."

"चालतोय ना?"

"बैलगाडीपण चालते. तू जाऊन बसतेस का बैलगाडीत?"

सोनेरी दोरा संपत आला होता. "मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस," असं बजावून ती दोरा आणायला गेली. आशानला हात लावू नको म्हणणं म्हणजे मांजराला दूध दाखवून उपास सांगणं. परत येऊन पाहते तर कॉम्प्युटरच्या डब्यातून निळे-जांभळे दिवे लुकलुकत होते, बोर्ड नवा, कीबोर्ड नवा, आणि शेजारी हा छाती पुढे काढून उभा.

"कसं दिसतंय?"

"भरतयंत्राची वायर कुठे लावलीस?"

आशानने वायर उचलली. तिचं टोक तळहाताएवढं रुंद. नव्या बोर्डाच्या मागे सगळी बोटाएवढीच अरुंद भोकं. त्याने ती उलटी करून पाहिली, आडवी करून पाहिली.

"जुना बोर्ड कुठे आहे?" लिएनने विचारलं.

"कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, म्हटलं बरी आली..."

"धाव!"

आशान प्लास्टिकच्या चपला फटफटवत गल्लीभर धावला. शेजारणी दारात येऊन हसल्या. गाण्याचा आवाज पुढच्या गल्लीतून आणखी पुढच्या गल्लीत गेला, मग ऐकूच येईना. आपल्या दुकानातून त्याने रुंद वायर अरुंद भोकात बसवायचे हरतऱ्हेचे जोड आणले. एकाने यंत्र हललं, आणि ड्रॅगनच्या मानेवर दोऱ्याचा गुंता करून थांबलं.

"यंत्रातच दोष आहे," आशान म्हणाला. इतकं झाल्यावरही हे म्हणायला जीभ वळली, याचंच लिएनला नवल वाटलं. तिला रडू आलं नाही, संताप आला. तिने गुंता उसवला, सुई घेतली आणि बसली. पण हाताने ड्रॅगन भरायला महिना लागतो, एक दिवस नाही.

मिरवणुकीच्या सकाळी शूंनी कपाटातून फार जुना, विटलेला पडदा काढून लावला. लोक उदबत्त्या हातात धरून म्हणाले, "जुनं काम बघा, कसं टिकलंय!" आशान त्यांच्यात उभा होता, सगळं ऐकत होता. दुपारी शूंनी कारखान्याला फोन केला.

संध्याकाळी तो जेवायला बसला, तर भाताच्या वाडग्यापुढे हिरवं पाकीट.

"हे काय? तुझ्या दुकानात तर आता चालणारं काही उरलं नाही."

"दुकानासाठी नाही," लिएन त्याच्याकडे न बघता म्हणाली. "घरात एक बिघडलेलं आहे. बदलायचं फार मनात होतं, पण एवढ्या जुन्याचे भाग बाजारात मिळत नाहीत."

 आशानने पाकीट उलटं करून त्यावरची तारीख पाहिली, आणि ते न फोडता होतं तिथे परत ठेवलं.