केशवरावांचा साक्षीदार

सानगडीचे केशवराव स्वतःच्या सावलीवरही भरवसा ठेवत नसत. देवकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा जरा गोड केला तरी विचारत, "आज काय काम काढलं?"

सत्त्याहत्तर साली चुलतभाऊ मारोतरावांनी बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी केशवरावांच्या धानाच्या बांधीत आणणारी नाली बुजवली, तेव्हा त्यांना दुःखाआधी समाधानच झालं. संशय खरा ठरला होता! पण बांधीतलं धान वाळायला लागलं, आणि त्यांनी साकोलीचा वकील गाठला.

वकिलाने आधी नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही, तेव्हा दावा दाखल केला. समन्स गेलं. मारोतरावांनी लेखी जबाब दिला की अशी नाली कधी नव्हतीच. कोर्टाने मुद्दा काढला: नाली पूर्वापार होती काय? ते सिद्ध करायचं केशवरावांच्या गळ्यात आलं. यात काही वर्षं गेली. तारखेला दोन्ही वकील एकत्र चहा पीत, आणि केशवराव दुरून त्यांचे ओठ बघत बसत.

नाली दरवर्षी उपसणारा म्हातारा सोमाजी हाच काय तो साक्षीदार. साक्षीच्या दिवशी केशवरावांनी शिदोरी एकट्यापुरतीच नेली. सोमाजीला खाऊ घातलं तर लोक म्हणतील, पढवून आणला. ते कोर्टाच्या इमारतीमागे जाऊन जेवले. परत येऊन बघतात तर चिंचेखाली मारोतरावांची बायको, कुंताबाई, सोमाजीला भात वाढत होती.

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! केशवराव वकिलाकडे धावले.

"वकीलसाहेब, हा फुटला. याले उभा करू नका."

वकिलाने परोपरीने समजावलं, पण हे ऐकतात कशाला? युक्तिवाद त्यांच्या एकट्याच्या शब्दावर झाला, आणि दावा फेटाळला गेला.

निकालानंतर त्यांनी सोमाजीला गाठलं. "त्यायच्या घरचं काहून खाल्लं?"

"भूक लागली होती भाऊ. तुमी विचारलं नाही, कुंताबाईनं विचारलं. मी तिले आधीच सांगतलं, बाई, नाली होती असंच मी सांगणार आहो. बाई म्हणे, सांगा ना, पण पहिले जेवा."

बांधी त्या सालापासून पडीत राहिली. पण स्वभाव का जातो? सोमाजी खरं बोलला की हेही त्याला मारोतरावांनीच पढवलं, याचा विचार ते बोडीच्या पाळीवर बसून पुढे कितीतरी वर्षं करत राहिले.